ब्रेकची बाजू

सात रस्त्याला रोज स्कूटर घालणाऱ्या सोलापूरकराला ग्रां प्रीचं कौतुक सांगू नये. तिथे निदान सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात!

तरीही रॉन हॉवर्ड यांचा २०१३ सालचा ‘रश’ हा चित्रपट मी चवीने पाहिला. १९७६ च्या मोसमातल्या जेम्स हंट आणि निकी लाउडा यांच्या चुरशीची ही गोष्ट. गाड्यांचा आवाज असा, की मांडणीवरची भांडी हलावीत. डॅनियल ब्र्यूलचा फटकळ, हिशेबी लाउडा तर झकासच. पण या दोघांना पडद्यावर पार हाडवैरी करून टाकलंय. प्रत्यक्षात ते मित्र होते. मैत्री राखूनही चुरस करता येते, हे सिनेमावाल्यांना पटत नसावं!

मला भावलं ते वेगळंच. १ ऑगस्टला न्यूर्बुर्गरिंगवर लाउडाची फेरारी पेटली, तेव्हा मर्झारिओसकट चार प्रतिस्पर्ध्यांनी शर्यत विसरून त्याला आगीतून ओढून काढलं. ४२ दिवसांनी हा पठ्ठ्या मोंझाला चौथा आला! आणि ऑक्टोबरात, फुजीच्या धो धो पावसात, दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी सरळ बाजूला घेतली. हंट एका गुणाने जगज्जेता झाला.

आमच्याकडे पोरांनी ‘थांबला कशाला बे?’ म्हणून त्याला भंडावलं असतं. पण १९७७ आणि १९८४ साली तोच पुन्हा जगज्जेता झाला. म्हणजे थांबून काही बिघडलं नाही. वेगाच्या इतिहासात मला तरी हा ब्रेकचाच क्षण मोठा वाटतो. हॉवर्डनी तो उरकलेला नाही. तेवढ्यासाठी त्यांना ते खोटं वैर माफ!