‘ट्रॅव्हलर’ची विश्वरचना : अंतर, वार्ता आणि भाषा

कादंबरीतील जग कादंबरीकार सांगतो तेवढेच असते. त्याची वाक्ये जेथे संपतात तेथे ते जगही संपते. भूमिकाखेळासाठी रचलेल्या विश्वाची गोष्ट याहून निराळी आहे. टेबलाभोवती बसलेले चार-सहा खेळाडू, त्यांनी पत्करलेल्या भूमिका, निर्णय देणारा एक पंच आणि फासे, एवढ्या सामग्रीवर हा खेळ चालतो. खेळाडू कोणत्या वेळी कोणत्या ग्रहाकडे वळतील हे रचनाकाराला आधी कळण्याचा संभव नसतो. म्हणून त्याला वर्णनांपेक्षा नियमच अधिक द्यावे लागतात. अशा विश्वाची समीक्षा करावयाची तर त्यातील प्रसंगांची मोहकता पाहून भागत नाही. त्याचे नियम परस्परांशी इमान राखतात की नाही, हे पाहावे लागते. व्याकरणाच्या अभ्यासकाला ही कसोटी मुळीच नवी नाही.

या दृष्टीने ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ विशेष विचारार्ह आहे. मार्क मिलर यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावच्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने १९७७ साली प्रसिद्ध केला. पेटीत काळ्या वेष्टनाच्या तीन लहान पुस्तिका होत्या आणि त्यांत कोणतेही ठरीव विश्व नव्हते. पुढे ‘तिसरे साम्राज्य’ म्हणून जे ख्यातनाम झाले ते नंतरच्या पुस्तिकांतून हळूहळू आकारास आले. ‘स्पिनवर्ड मार्चेस’ या सरहद्दप्रांताची पुस्तिका १९७९ सालची आहे. म्हणजे नियम आधी आणि जग मागाहून, असा हा क्रम आहे.

त्या नियमांत एक नियम सर्वांचा मूळ म्हणता येईल असा आहे. जहाजाची एक झेप फार तर सहा पार्सेकांची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस प्रकाशवर्षांची असते. परंतु ती लहान असो वा मोठी, तिला वेळ लागतो तो सुमारे एका आठवड्याचाच. याहून वेगाने निरोप नेणारे दुसरे साधन या विश्वात नाही. बातमी जहाजाच्या पुढे धावू शकत नाही, एवढ्या एका बंधनातून या साम्राज्याची सारी राज्यव्यवस्था निष्पन्न झालेली आहे. सुमारे ११,००० ग्रहांचा हा पसारा राजधानीतून आज्ञा देऊन चालविता येत नाही. सरहद्दीवरचे संकट राजधानीला कळून उत्तर परत यावयास महिनेच्या महिने लागतात, आणि तोवर संकटाने आपला निकाल लावलेला असतो. म्हणून ड्यूक आणि बॅरन यांच्या हाती स्थानिक सत्ता द्यावी लागते, आणि त्यांच्या निष्ठेवर विसंबावे लागते. अ‍ॅसिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’मधील साम्राज्य गिबनने लिहिलेल्या रोमच्या ऱ्हासेतिहासावरून सुचलेले आहे, ‘ट्रॅव्हलर’मधील साम्राज्याला टपालाच्या वेगाचा आधार आहे. विज्ञानकथेत राजेरजवाडे पुष्कळ भेटतात, पण ते तेथे का आहेत याचे इतके सरळ कारण क्वचितच मिळते.

हा नियम रचनाकारांनी बराच काळ निष्ठेने पाळला. साम्राज्याच्या डाकनौका चार पार्सेकांची झेप घेतात, पण एका सूर्यमालेच्या आत हिंडण्यासाठी लागणारे इंजिनच त्यांच्यात नसते. पोचलेल्या नौकेला उचलून घेण्यासाठी दुसरे जहाज हजर असावे लागते. बातमीखेरीज दुसरे काहीही वाहण्याची अपेक्षा जिच्याकडून नाही, अशी ही नौका आहे. सरहद्दीवरील पाचव्या युद्धाचा पटावरचा खेळ १९८१ साली निघाला, त्यात खेळाडूला आपल्या आरमाराच्या हालचाली कित्येक डाव आधी लिहून ठेवाव्या लागतात. सेनापती जितका कर्तबगार तितके हे बंधन शिथिल होते. दूरत्वाला खेळात असे प्रत्यक्ष मोल दिलेले आहे. १९८७ च्या आवृत्तीत साम्राज्याच्या १११६ व्या वर्षी सम्राट स्ट्रेफॉनचा वध होतो. ती वार्ता आठवड्याआठवड्याने पसरत असताना निम्मे साम्राज्य मृत सम्राटाच्या नावाने कारभार करीत राहते, ही कल्पना कोणा कादंबरीकाराला सुचती तर त्याची वाहवा झाली असती. येथे ती नियमातून आपोआप निघते.

सर्वच नियम इतके एकजीव नाहीत. ग्रहांची घडण फाशांवर ठरते. ग्रहाच्या आकारावर वातावरण अवलंबून असते, लोकसंख्येवर शासनाचा प्रकार आणि त्यावर कायद्याची कडकी. परंतु लोकसंख्या मात्र स्वतंत्र दोन फाशांची. त्यामुळे हवा नसलेल्या एखाद्या दगडावर अब्जावधी लोक नांदताना दिसतात आणि शेजारच्या हिरव्यागार ग्रहावर शेदोनशे. याची संगती लावण्याचे काम पंचाकडे जाते. कित्येक पंचांना यातच गोडी वाटते हे खरे, पण गोडी वाटते म्हणून उणीव भरून निघत नाही.

खरी उणीव मात्र दुसरीकडे आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. साम्राज्याची सामान्य भाषा अँग्लिक किंवा गॅलँग्लिक ही इंग्रजीपासून निघालेली आहे. आजची इंग्रजी आणि साम्राज्याचे बारावे शतक यांच्यामध्ये साडेतीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. ऋग्वेदाच्या भाषेपासून आजच्या मराठीपर्यंतचे अंतर साधारणतः तेवढेच. जे दूरत्व सम्राटाच्या आज्ञेला निष्प्रभ करते ते उच्चाराला आणि प्रत्ययाला हात लावीत नाही, हे कसे? तंजावरला भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन झाले. तेथल्या मराठीने तमिळच्या सहवासात अवघ्या तीनशे वर्षांत असे वळण घेतले की पुण्याच्या माणसाला ती कान देऊन ऐकावी लागते. तंजावर आणि पुणे यांच्यामध्ये तर समुद्रही नव्हता. ‘ट्रॅव्हलर’चे प्रवासी मात्र झेपेमागून झेप घेत वर्षभर चालले तरी प्रत्येक बंदरावर त्यांना आपलीच बोली ऐकू येते. १९७७ च्या पुस्तिकेत कौशल्यांची यादी आहे. तीत लाचलुचपत आहे, खोटे कागद करणे आहे, जुगार आहे, परंतु दुभाष्याचे कौशल्य नाही.

यावर असा आक्षेप येईल की ध्वनिमुद्रणे जहाजांतून हिंडतात, आणि ती भाषेला एकरूप ठेवतील. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि मुद्रित ग्रंथांनी प्रमाणभाषा राखली, बोली राखल्या नाहीत. सरदार आणि व्यापारी यांची एक भाषा आणि तिच्याखाली प्रत्येक ग्रहाची आपली, अशी दुहेरी स्थितीच येथे अधिक स्वाभाविक ठरली असती. दक्षिणेत फारसीचे असे स्थान होते, म्हणूनच शिवकाळात राज्यव्यवहारकोशाची गरज भासली. बातमीच्या मंदगतीतून सरंजामशाही निर्माण करणाऱ्या रचनाकारांना तिच्यातूनच बोलीभेदही निर्माण करता आले असते, आणि पंचाला त्यासाठी एखाद्या कोष्टकाहून अधिक काही लागले नसते.

कोष्टके तर त्यांना साधलेली होती. १९८४ पासून निघालेल्या परकीय जातींच्या पुस्तिकांत शब्द घडविण्याची कोष्टके आहेत, आणि ती कोणाही ध्वनिविचाराच्या अभ्यासकाने पाहावीत अशी आहेत. आधी अक्षराचा साचा फाशावर ठरतो : नुसता स्वर, व्यंजनासह स्वर, स्वरापुढे व्यंजन, किंवा दोहोंकडे व्यंजने. मग त्या त्या जागी येणारा ध्वनी ठरतो आणि तो जितका वारंवार यावयाचा तितकी घरे त्याला दिलेली असतात. त्यामुळे झोदानी लोकांच्या झ्डेट्ल भाषेतील जोडाक्षरांची गर्दी आणि वार्गरांच्या ग्वेघ भाषेतील घोगरे घर्षण, नाव ऐकताच ओळखू येते. अर्थ नाही, प्रत्ययविचार नाममात्र, वाक्य नाही; तरीही शब्दाचा बाह्याकार भाषेपरत्वे नियमबद्ध असतो हे तत्त्व येथे मुलांच्या हाती फाशांच्या रूपाने दिलेले आहे. दोन परक्या जातींमधील भेद ज्या युक्तीने दाखविला, तीच युक्ती एका भाषेच्या दोन टोकांकडे लावण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

२००८ साली मंगूस या ब्रिटिश प्रकाशकाने काढलेल्या आवृत्तीत भाषा हे कौशल्य म्हणून आले. खेळाडूने अँग्लिक, विलानी, झ्डेट्ल यांपैकी एक भाषा निवडावयाची असते. यांतील अँग्लिक मात्र राजधानीत आणि सरहद्दीवर अजूनही एकच आहे.