असुर कोण? : एका व्हिडिओ गेमच्या निमित्ताने

‘खेळ तो खेळ, त्याची कसली समीक्षा?’ चिमूरच्या एका चहाटपरीवर तरुण मित्राने मला विचारले. नाटक-कादंबरीची चिकित्सा चालते. मग ज्यात खेळणारा स्वतःच नायक होऊन शस्त्र उचलतो, त्या व्हिडिओ गेमची का चालू नये?

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. त्यातील भित्तिचित्रे आणि छायाबाहुल्यांची दृश्ये देखणी आहेत. नायिका कसरतीचे खेळ करून जगणारी पोर आहे, हेही मोलाचे. पण तिच्या भावाला पळवणारे कोण? असुर. तिला शस्त्र देणारी दुर्गा. आणि कथा सांगणारे दुर्गा नि विष्णू. म्हणजे निवाडा आधीच झालेला!

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हीच पुराणे उलटी करून वाचली. बळीराजा आपला आणि वामन कपटी, असे त्यांनी बजावले. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत आजही गोंड बांधव रावणाला पूजतात. त्यांच्या मुलाने हा गेम हाती घेतला, तर बटण दाबून तो कोणाला मारील?

कलावंतांच्या हेतूवर माझा आरोप नाही. पण तंत्र नवे आणि पुराण तेच, तर बदलले काय? गेम जरूर खेळा. खेळता खेळता असुराचे म्हणणे काय, हेही विचारा. ते म्हणणे मांडणारा गेम उद्या आपल्याच पोरांनी घडवला पाहिजे.