निळं दिसलं म्हणजे नौचालीच, असं नाही

पावसाळा ओसरला की मला कमळांचे फोटो यायला लागतात. गावच्या तळ्यातली, देवळामागच्या कुंडातली, हायवेलगतच्या डबक्यातली. सोबत एकच ओळ : "ताई, ही कुठली जात?" माझी पीएचडी पाणवनस्पतींवर आहे, त्यामुळे प्रश्न मलाच येणार हे ठीक. इतके दिवस मी धडाधड उत्तरंही देत होते. आता नुसत्या फोटोवरून देत नाही. का, ते आज लिहिते. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगते.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत आपण कशालाही कमळ म्हणतो. कृष्णकमळ वेलीवर येतं. ब्रह्मकमळ म्हणून पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत रात्री ज्याचं कौतुक होतं ते अमेरिका खंडातून आलेलं निवडुंग. खरं कमळ म्हणजे नेलुंबो. त्याचं पान अखंड गोल, देठ मधोमध जोडलेला, बरीच पानं पाण्याच्या वर उभी आणि त्यांवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे गडगडणारे. वॉटर लिली म्हणजे निम्फिया. तिचं पान पाण्यावर पसरलेलं आणि देठापर्यंत एक खाच गेलेली. ही दोघं शेजारी राहतात, पण नातेवाईक नाहीत. डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की कमळाचा जवळचा नातेवाईक काश्मीरचा चिनार आहे! मला हे पहिल्यांदा वाचून खोटंच वाटलं होतं.

तिसरा भिडू कुमुदिनी. कास पठारावर गेलेल्यांनी कुमुदिनी तळं पाहिलं असेल. तिथली फुलं निम्फॉइडिस इंडिकाची : लहान, पांढरी, मध्यभागी पिवळी, पाकळ्यांवर झालरीसारखे केस. पान लिलीच्या पानाची छोटी नक्कल वाटावं असं, पण ही वनस्पती सूर्यफुलाच्या गणातली. गंमत अशी की संस्कृत काव्यातली कुमुदिनी चंद्र उगवल्यावर फुलते, आणि कासची ही फुलं सकाळी उमलून त्याच दिवशी मिटतात. नाव देणाऱ्यानं फूल पाहिलं, घड्याळ पाहिलं नाही.

हे घड्याळ लक्षात ठेवा, कारण खरी अडचण तिथंच आहे.

आपल्याकडच्या नैसर्गिक तळ्यांत जंगली निम्फिया पाहायला मिळतात त्या मुख्यतः दोन. निम्फिया नौचाली आणि निम्फिया प्युबेसन्स. नौचालीचं नाव बर्मननं 1768 मध्ये दिलं. विल्डेनोनं 1799 मध्ये जिला स्टेलाटा म्हटलं तीही हीच, असं आज बहुतेक जण मानतात, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ती स्टेलाटा म्हणून भेटते. प्युबेसन्सही 1799 चीच, विल्डेनोचीच. जुन्या फ्लोरांमध्ये मात्र ती लोटस या नावाखाली गेली आहे, आणि लोटस म्हणजे मुळात नाईलकाठची लिली.

लोक या दोघींना रंगावरून वेगळं करतात : निळी ती नौचाली, पांढरी-गुलाबी ती प्युबेसन्स. माझी सगळ्यात मोठी तक्रार याच सवयीवर आहे. नौचाली निळी असते, फिकट जांभळी असते, गुलाबी असते आणि चक्क पांढरीही असते. पांढरं फूल पाहून तुम्ही काहीही सिद्ध करू शकत नाही.

सिद्ध करतं ते हे. प्युबेसन्सच्या पानाची कडा करवतीसारखी दातेरी असते आणि पान उलटून खालून बोट फिरवलं तर लव लागते. नौचालीचं पान खालून गुळगुळीत, कडा सरळ नाहीतर लाटांसारखी. फुलात डोकावलं तर नौचालीच्या परागकोशाच्या टोकाला एक छोटं शेपूट पुढे आलेलं दिसतं, प्युबेसन्सला ते नसतं. आणि वेळ : प्युबेसन्स संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मिटते. नौचाली सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते. म्हणजे सकाळी आठ-साडेआठला दोघीही उघड्या असतात, आणि आपण सगळे फोटो काढायला नेमके तेव्हाच जातो. भर दुपारी बारा वाजता जा किंवा अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, तळं आपोआप अर्धं उत्तर देतं.

आता फोटोकडे परत या. फोटोत काय येतं? वरून काढलेलं उमललेलं फूल. पानाची खालची बाजू नाही, लव नाही, वेळ नाही. एकच फूलसुद्धा रोज वेगळं दिसतं. पहिल्या दिवशी पुंकेसर बाजूला झालेले, मधल्या वाटीत द्रव भरलेला, कधी त्यात बुडून मेलेला कीटक. पुढच्या दिवशी पुंकेसर आत वाकून वाटी झाकून टाकतात. मला दोन दिवसांचे फोटो कुणी दोन जाती म्हणून पाठवले आहेत. आणि अशा फोटोखाली चार जणांनी "नौचाली" लिहिलं तर ती चार निरीक्षणं होत नाहीत. एकच अंदाज चारदा होतो.

हर्बेरियमवाल्यांनी हसू नये. दाबून वाळवलेल्या नमुन्यात रंग उडतो, मांसल फुलाचा चोथा होतो, आणि कागदावर "तळ्यात, पांढरी फुलं" एवढंच. उमलण्याची वेळ बहुतेक लेबलांवर नसते. म्हणजे एकाकडे फक्त रंग, दुसऱ्याकडे रंग सोडून बाकीचं अर्धं.

याचं काय बिघडतं, असं वाटत असेल तर श्रीलंका पाहा. 1986 साली तिथं निल मानेल, म्हणजे आपली नौचालीच, राष्ट्रीय फूल झाली. पुढे पेरादेणिया विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की निल मानेल म्हणून चित्रांत सर्रास मिरवणारं गडद जांभळं फूल बाहेरून आलेली संकरित लिली आहे. देखणी, ठळक, फोटोत उठून दिसणारी. मूळची फिकट लिली तिच्यापुढे मागे पडली.

आता माझी चूक. दक्षिण कोकणातल्या एका तळ्याचा गाळ काढायचा होता. गावातल्या मुलांनी कामाआधी मला फोटो पाठवून विचारलं, यातली कुठली कमळं बाजूला काढून ठेवू? दोन प्रकार होते : एक मोठं, जांभळं, पाण्याच्या चांगलं वर उचललेलं आणि एक बारकं, जवळजवळ पांढरं. मी बसल्या जागेवरून लिहिलं, "जांभळी नौचाली, ती जपा." मुलांनी ऐकलं. टबात कंद ठेवले, गाळ काढला, कंद परत लावले. बारकी कमळं गाळाबरोबर गेली.

चार महिन्यांनी मी तळ्यावर पोचले. जांभळीचं जुनं पान उचललं तर देठ जिथं पानाला मिळतो तिथं एक इवलंसं रोप, मुळांसकट. पानावर रोप धरणं ही आफ्रिकेतल्या मायक्रान्था लिलीची खोड, आणि तिचं रक्त असलेल्या नर्सरीतल्या संकरित जातींची. नौचाली हे करत नाही. (उलटं मात्र चालत नाही हं. रोप दिसलं नाही म्हणजे नौचाली, असा अर्थ काढू नका.) नंतर कळलं, काही वर्षांपूर्वी तळं सुशोभित करायला कुणीतरी ती नर्सरीतून आणून सोडली होती. माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात त्या तळ्यासमोर नौचाली लिहिलं होतं, तेही फोटोवरूनच. ते खोडलं. तशाच आणखी दोन नोंदीही खोडल्या.

काठावर म्हशी घेऊन आलेल्या आजोबांना विचारलं, ती लहान फुलं पूर्वी होती ना इथं? ते म्हणाले, "ती बारकी? थंय खड्ड्यात इली हत. जा बघ."

रस्त्याकडेला जिथं गाळ ओतला होता तिथल्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. दुपारचे बारा वाजले होते आणि सात फुलं उघडी होती. पान खालून गुळगुळीत. परागकोशाला शेपूट. बागेतल्या बऱ्याच संकरित लिलींना बी धरत नाही, म्हणून मिटून गेलेल्या एका फुलाचा देठ धरून पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. देठ खाली वळलेला होता आणि त्याच्या टोकाला टणक, भरलेलं फळ लागलं.

तेव्हा यापुढे मला फोटो पाठवताना चार पाठवा : फूल वरून, फूल बाजूनं, पान उलटं करून आणि पानाची कडा जवळून. खाली वेळ लिहा. खड्डा रस्त्यालगत आहे, रुंदीकरणाच्या खुणा मारून झाल्यात. मुलं या रविवारी टब घेऊन येणार आहेत, मीही जातेय.