गोळीच्या जागी राग?

गेल्या पावसाळ्यात बाबांनी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी आली होती: कोणत्या आजारावर कोणता राग. झोप येत नसेल तर हा, पित्तावर तो, रक्तदाबावर अमुक. बाबा रोज सकाळी अर्धा तास डोळे मिटून त्यांच्या वाट्याचा राग ऐकायचे आणि खरंच प्रसन्न दिसायचे. बाराव्या दिवशी जिना चढताना त्यांना गरगरलं. दवाखान्यात वरचा आकडा 190 निघाला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, गाणं ऐका की. पण गोळी घेऊन ऐका."

ती यादी मी नंतर नीट वाचली. वैद्यक म्हणून ती धोकादायक आहेच, पण मला वाटतं, संगीताबद्दलचं विधान म्हणूनही ती चुकीची आहे. तिच्यात राग म्हणजे ठरावीक मात्रेचं औषध. आता मालकंसच घ्या. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं; तोच मालकंस द्रुत तीनतालात, तानांच्या सरबत्तीसह आला की ऐकणाऱ्याचं काळीज धडधडतं. स्वर तेच असतात, पण लय, बंदिश, गळा आणि आपण त्या दिवशी कसे आहोत हे सगळं बदललेलं असतं. मग यातला कोणता मालकंस 'घ्यायचा'?

संगीताचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणत नाही. संथ लयीत श्वास आपोआप लांबतो. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी उतरते. शस्त्रक्रियेआधी संगीत ऐकलेल्या रुग्णांची घालमेल कमी होते, हेही अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पण त्यातलं बहुतेक संगीत आपलं रागसंगीत नव्हतं. म्हणजे गुण आहे, पण तो एखाद्या रागाच्या नावावर मांडता येत नाही.

यादीच्या शेवटी पुरावाही होता: कुमार गंधर्वांचा क्षय म्हणे संगीताने बरा झाला. इथे मी थबकलो, कारण ती गोष्ट मी वेगळी ऐकली होती.

बेळगावजवळच्या सुळेभावीला 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ लहानपणीच मैफली गाजवू लागला आणि मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला. विशीत असतानाच क्षय झाला. 1948 च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी तो इंदूरजवळच्या देवासला आला. वय तेवीस. आपल्यातले किती जण या वयात पहिली नोकरी शोधत असतात! कुमारांना मात्र डॉक्टरांनी गायची बंदी घातली होती. पत्नी भानुमती शुश्रूषा करत होत्या. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. जीव वाचला तो औषधामुळे: 1943 मध्ये शोधलं गेलेलं स्ट्रेप्टोमायसिन तोवर भारतात मिळू लागलं होतं.

म्हणजे संगीताने क्षय बरा केला नाही. उलट, बरं होण्यासाठी त्यांना गाणं सोडावं लागलं. मग या गोष्टीत संगीताने काय केलं?

गाता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. अंथरुणावर पडल्यापडल्या कानावर माळव्याची लोकगीतं यायची: बायकांची लग्नातली, सणावाराची गाणी, फिरत्या गायकांची निर्गुणी भजनं. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांमध्ये त्यांना रागांची बीजं दिसू लागली. पुढे त्यातूनच त्यांनी 'धुनउगम' राग घडवले. मालवती, लगनगंधार, संजारी ही त्यातली काही नावं. 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह 1965 साली आला. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा लोकांना वेगळाच गायक ऐकू आला.

त्यांचं नंतरचं ध्वनिमुद्रण लावा. छोटे, टोकदार स्वरसमूह. मध्येच हवेत सोडून दिलेला स्वर. मग शांतता, जिच्यात तंबोरे गात राहतात. या शांततेचं कारण अनेक जण फुप्फुसात शोधतात: दम पुरत नव्हता, म्हणून तुकडे. मला हे अर्धंच पटतं. दम अपुरा असलेले गायक खूप असतात, पण त्या सगळ्यांचे तुकडे असे बोलत नाहीत. श्वास कुठे संपणार, हे आजाराने ठरवलं असेल. तिथे काय ठेवायचं, हे कुमारांनी ठरवलं. उरलेल्या शरीराचं माप घेऊन त्यांनी गाणं नव्याने बेतलं. नंतरची चार दशकं, 1992 मध्ये जाईपर्यंत, ते तेच गाणं गात आणि वाढवत राहिले.

माझ्या मते संगीताचा 'उपचार' म्हणायचा तर तो एवढाच आणि एवढा मोठा आहे. औषध आजाराशी लढतं. आजारी माणसाला जे न संपणारे दिवस काढायचे असतात, त्यांचं औषधाला काही करता येत नाही. देवासच्या त्या वर्षांत ऐकण्याने कुमारांना हातात काहीतरी काम दिलं. 'संगीताने क्षय बरा झाला' म्हणणारे औषधाचं श्रेय हिरावतातच, पण एका तरुणाने अंथरुणावर केलेली मेहनतही पुसून टाकतात.

हे आपल्यालाही लागू आहे. रात्री दोन वाजता झोपेची प्लेलिस्ट लावून मीही पडलोय. कधी झोप लागली, कधी नाही. पण एका रात्री स्क्रोल करणं थांबवून, फोन उलटा ठेवून लगनगंधार शेवटपर्यंत ऐकला. झोप तेव्हाही लागली नाही. मात्र जागं असण्याची भीती त्या वेळापुरती गेली. सतत घबराट होत असेल तर डॉक्टरांकडेच जा, मीही गेलो.

बाबा आता आधी गोळी घेतात, मग तंबोरा लावतात. यादी त्यांनी डिलीट केलीय. परवा विचारत होते, "हा कुमार मध्येच गप्प का होतो रे?"

"ऐका, पुढे कळेल," म्हटलं. मग आम्ही दोघंही गप्प बसलो.