जांका तक्ता आणि दोन मिलिमीटरचं अक्षर

लाकडी पाटीवर छोटी अक्षरं कोरायची असतील तर लाकूड कोणतं घ्यावं? नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: जांका कठीणता तक्ता बघा, फार मऊ नको, फार कठीण नको, मधलं घ्या. उत्तर शास्त्रीय वाटतं, कारण त्यात आकडे आहेत. आज या सल्ल्याची जरा झडती घेऊ. संशोधनाच्या तयारीत असाल तर हे उदाहरण जवळ ठेवा, कारण इथे आकडे बरोबर आहेत, गडबड आहे ती त्यांच्या वापरात.

आधी चाचणी समजून घेऊ. ऑस्ट्रियाचे गॅब्रिएल जांका यांनी 1906 मध्ये ती मांडली. 11.28 मिमी व्यासाचा पोलादी गोळा लाकडात निम्मा रुतवायला किती बल लागतं, ते मोजायचं. आता हा 11.28 कुठून आला? निम्म्या रुतलेल्या गोळ्याच्या ठशाचं क्षेत्रफळ जवळजवळ 100 चौमिमी भरतं म्हणून. जमिनीच्या लाकडी फळ्यांवर खुर्चीच्या पायाने खड्डा पडेल का, हे सांगायला चाचणी उत्तम आहे.

पण आपल्या अक्षराची रेघ असते दोन मिमी रुंद, कधी त्याहूनही बारीक. गोळा 100 चौमिमीची सरासरी सांगतो. पटाशीची धार मात्र सरासरीतून जात नाही, ती एकेका वलयातून जाते.

फरक किती पडतो ते बघा. अमेरिकी तक्त्यांत बासवुड सुमारे 410 पौंड-बल, डग्लस फर 710, रेड ओक 1290 आणि हार्ड मॅपल 1450. 'मधलं घ्या' हा नियम खरा असता तर फर आणि ओक जिंकायला हवे होते. प्रत्यक्षात उलटं होतं. फरमध्ये हंगामाच्या सुरुवातीचं लाकूड मऊ, शेवटचं टणक. धार मऊ पट्ट्यात दबते आणि टणक पट्ट्यावर उडी मारते. ओकमध्ये प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, तिथे बारीक कडा सुटते. बासवुड मात्र हाताने कोरणाऱ्यांचं आवडतं लाकूड, आणि हार्ड मॅपलच्या आडव्या छेदावर अमेरिकेत छपाईचे लाकडी खिळे कोरले जात. म्हणजे तक्त्याची दोन्ही टोकं चालतात, मधलेच अडतात! या दोघांत समान काय? छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली. तक्त्यात या गुणाचा रकानाच नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. तंतू बहुधा पाटीच्या लांबीत, म्हणजे आडवे धावतात. देवनागरीत शिरोरेषा तंतूंना समांतर जाते आणि उभे दंड त्यांना आडवे छेदतात. अक्षर उठावाचं असेल तर शिरोरेषा टिकते, पण दोन मिमीच्या दंडात तंतूंची लांबीही दोनच मिमी उरते, म्हणून टवका आधी तिथे उडतो. खोदीव अक्षरात हीच गत 'व'च्या पोटात उरलेल्या चिमुकल्या बेटाची. रोमन अक्षरांवरून केलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होईल, असं गृहीत धरू नका.

मग 'एकसारखी छिद्रं असलेलं लाकूड घ्या' हाच नवा नियम करायचा का? थांबा. गुजरातमधल्या पेथापूरचे कारागीर कापडछपाईचे ठसे सागात कोरतात, आणि नक्षी अतिशय बारीक असते. सागाची छिद्रं तर डोळ्यांनी दिसतात, शिवाय त्यातल्या सिलिकामुळे हत्यारं लवकर बोथट होतात. तरीही साग, कारण ठसा दिवसभर ओल्या रंगात बुडतो आणि तो वाकून चालत नाही. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, बासवुड 9.3 टक्के. कोरताना होणारा त्रास कारागिराचा हात भरून काढतो. वाकलेला ठसा मात्र कोणी सरळ करू शकत नाही.

कोकणातल्या पावसात दाराबाहेर लावायच्या पाटीचंही तसंच. तिथे सागाचा गाभा घ्या आणि अक्षर मोठं करा. बासवुड तिथे कुजेल, कितीही छान कोरलं तरी. टेबलावरच्या छोट्या नामपट्टीला हा धोका नाही. तिथे सारख्या पोताचं लाकूड घेऊन अक्षर बारीक करता येतं.

थोडक्यात, 'कोणतं लाकूड चांगलं' हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चांगलं: कोरायला, टिकायला, की न वाकायला? तीन वेगळी फलितं, तीन वेगळी मापं. तुमच्या प्रस्तावात 'चांगला', 'प्रभावी', 'योग्य' असे शब्द असतील तर गाईड नेमकं हेच विचारणार.

करून बघायचं असेल तर सुताराकडून तीन-चार जातींचे वाळलेले तुकडे आणा. एकच हत्यार, दर वेळी नव्याने लावलेली धार, एकच अक्षर: 'व'. प्रत्येक तुकड्यावर दहा वेळा कोरा, जातींचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि किती बेटं शाबूत राहिली ते मोजा. मोजणाऱ्याला लाकडाची जात सांगू नका. मग तो आकडा जांका तक्त्याशेजारी ठेवा. दोन रकाने जुळले नाहीत तर तक्ता फेकून देऊ नका. तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.