नौकेतून दिसणारे वर्षावन : किनाबातांगान नदीवरील वन्यजीवदर्शनाची चिकित्सा

प्रस्तावना

उष्ण कटिबंधातील वर्षावन पाहण्याचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे नदी. अशा अरण्यात पायी चालणाऱ्यास फार दूरचे दिसत नाही. प्राण्यांचा मोठा भाग डोक्यावरच्या पर्णछतात वावरतो आणि वाटसरूच्या वाट्याला आवाज, ओलावा व जळवा एवढेच येते. नदी मात्र अरण्याला मधोमध छेद देते. काठावरचे वृक्ष मुळापासून शेंड्यापर्यंत दृष्टीच्या टप्प्यात येतात आणि बसल्या जागी वन्यजीवांचे दर्शन घडते. अ‍ॅमेझॉनपासून बोर्निओपर्यंत वन्यजीवदर्शनाचा नौकाविहार हा पर्यटनाचा एक स्थिर प्रकार होऊन बसला आहे, त्यामागे ही सोय आहे.

प्रस्तुत लेखात मलेशियातील साबा राज्यामधील किनाबातांगान नदीवरील नौकाविहाराचा विचार केला आहे. मात्र त्याकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता एक संहिता म्हणून पाहिले आहे. या संहितेला आरंभ आहे, क्रम आहे, निवेदक आहे आणि काही ठरावीक मौनेही आहेत. साहित्यकृतीची चिकित्सा करताना तिने काय सांगितले याबरोबरच काय सांगण्याचे टाळले, हेही समीक्षक पाहतो. तोच न्याय येथे लावल्यास एक प्रश्न पुढे येतो : नौकेतून जी विपुलता दिसते, तिचे कारण प्रेक्षकाला सांगितले जाते काय?

१. विहाराची रचना

किनाबातांगान ही सुमारे ५६० किलोमीटर लांबीची, मलेशियातील दुसऱ्या क्रमांकाची नदी होय. साबाच्या अंतर्भागातील डोंगरांत उगम पावून ती पूर्वेस सुलू समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात तिचे पात्र नागमोडी वळणे घेते. जुनी वळणे तुटून नालाकृती सरोवरे तयार झाली आहेत. याच पूरमैदानातील सुकाऊ गावाच्या परिसरात पर्यटकांच्या नौका फिरतात.

विहाराच्या वेळा प्राण्यांच्या दिनक्रमावरून ठरतात. लांब नाकाची प्रोबोसिस माकडे सायंकाळी काठावरच्या झाडांवर मुक्कामाला येतात, म्हणून दुपार कलताना नौका निघतात. पहाटेच्या फेरीत धनेश पक्षी दिसतात. या पक्ष्याच्या आठ जाती या भागात आढळतात. काठावरच्या फांदीवर ओरांगउटान, गाळावर पहुडलेली सुसर आणि नशीब बलवत्तर असल्यास गवत खाण्यास उतरलेला हत्तींचा कळप, असा हा क्रम असतो. दोन-तीन तासांत जे दिसते, ते आतील अरण्यात आठवडाभर भटकूनही दिसेलच असे नाही. त्यामुळे परतणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात एक निष्कर्ष सहज तयार होतो : काठावरच इतके प्राणी, तर आत किती असतील!

या संहितेतील कळीची जागा हीच आहे, कारण हा निष्कर्ष बऱ्याच अंशी चुकीचा आहे.

२. विपुलतेचे कारण

किनाबातांगानच्या पूरमैदानातील अरण्य अस्पर्श नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे मोठ्या प्रमाणावर लाकूडतोड झाली आणि मागोमाग तेलताडाची लागवड आली. वारंवार पुराखाली जाणारी जमीन तेलताडाला मानवत नाही, हेही नदीलगतचे काही पट्टे वाचण्याचे एक कारण आहे. २००५ मध्ये सुमारे २६ हजार हेक्टर क्षेत्र वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. परंतु हे क्षेत्र सलग नसून दहा तुकड्यांत विभागलेले आहे. त्यांच्या मधून आणि मागून तेलताडाच्या बागा पसरल्या आहेत. अनेक ठिकाणी नौकेतून ‘अरण्य’ म्हणून दिसते ती प्रत्यक्षात एक अरुंद पट्टी असते.

येथे तारतम्य राखणे आवश्यक आहे. काठावर दिसणारा प्रत्येक प्राणी विस्थापित आहे, असे म्हणता येणार नाही. प्रोबोसिस माकडाचे नदीकाठी राहणे ही त्याची मूळ प्रकृतीच होय. हत्तींनाही काठावरचे गवत प्रिय आहे. परंतु पूर्वी ज्यांच्यापुढे विस्तीर्ण प्रदेश मोकळा होता, त्या हत्तींना आज नदी आणि बाग यांमधील चिंचोळ्या वाटेने ये-जा करावी लागते. ओरांगउटानची स्थिती अधिक बोलकी आहे. त्याला पोहता येत नाही. पूर्वी उपनद्यांवर दोन्ही काठांच्या मोठ्या वृक्षांच्या फांद्या एकमेकींना भिडत आणि तो वरच्या वर पलीकडे जाई. असे वृक्ष तोडले गेल्यावर संवर्धन कार्यकर्त्यांना काही ठिकाणी दोरांचे पूल बांधावे लागले. थोडक्यात, काठावरची गर्दी हे अरण्याच्या समृद्धीचे लक्षण मानले जात असले, तरी काही अंशी ते अरण्याच्या आकुंचनाचे लक्षण आहे.

आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. खालच्या किनाबातांगान भागात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ओरांगउटानची संख्या सुमारे अकराशे असल्याचा अंदाज होता. पुढील अंदाज आठशेच्या आसपासचे आहेत. या काळात नौकेतून ओरांगउटान दिसणे थांबले नाही. हा प्राणी दीर्घायुषी असून मादीच्या दोन पिलांत सहा ते आठ वर्षांचे अंतर असते. त्यामुळे अधिवास अपुरा पडल्यानंतरही जुनी पिढी बराच काळ दिसत राहते. ‘आजही दिसतो’ हे ‘उद्या टिकेल’ याचे प्रमाण होऊ शकत नाही.

३. वॉलेसचा दाखला

विपुलतेचे कारण सांगणारा निवेदक कसा असतो, हे पाहण्यासाठी बोर्निओविषयीच्याच एका जुन्या ग्रंथाकडे वळता येते. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५४ ते १८५६ या काळात सारावाकमध्ये होता. १८६९ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द मलाय आर्किपेलॅगो’ या ग्रंथात त्याने सिमुंजान येथील मुक्कामाचे वर्णन केले आहे. बोर्निओत त्याने भुंगेरे वर्गातील कीटकांच्या सुमारे दोन हजार जाती जमविल्या. त्यांपैकी शंभरेक वगळता सर्व या एकाच ठिकाणी, जेमतेम एक चौरस मैल भूमीवर मिळाल्या.

एखाद्या सामान्य प्रवासलेखकाने हे अरण्याचे अद्भुत वैभव म्हणून सोडून दिले असते. वॉलेस तसे करत नाही. त्या ठिकाणी कोळशाच्या खाणीचे काम सुरू होते. जंगल तोडून जागा मोकळी केली होती, उन्हात कापलेली लाकडे कुजत पडली होती आणि अशा लाकडांवर कीटकांची झुंबड उडत होती. खाणीवरचे चिनी व दायाक मजूर प्रत्येक कीटकामागे एक सेंट घेऊन त्याला कीटक आणून देत, हेही तो नोंदवतो. म्हणजे विपुलता, तोड आणि मजुरी या तिन्ही गोष्टी त्याच्या निवेदनात एकत्र येतात. वाचकाला आश्चर्यही मिळते आणि आश्चर्याचे कारणही मिळते.

वॉलेस निर्दोष होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. नमुन्यांसाठी त्याने अनेक ओरांगउटान मारले. एका मारलेल्या मादीचे पिलू त्याने सांभाळले आणि सुमारे तीन महिन्यांत ते दगावले, हे त्यानेच लिहिले आहे. आज कोणताही पर्यटक बंदूक घेऊन नौकेत बसत नाही, ही निःसंशय प्रगती होय. तथापि निवेदनाच्या प्रामाणिकपणापुरते बोलायचे झाल्यास दीडशे वर्षांपूर्वीचा हा शिकारी निसर्गशास्त्रज्ञ आजच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगतो. त्याने स्वतःचा हात लपविला नाही. आजच्या संहितेत प्रेक्षकाचा हात कोठेच दिसत नाही.

४. पार्श्वभूमी झालेली माणसे

नदीवरून दिसणाऱ्या अरण्याची दुसरी एक परंपरा इंग्रजी कादंबरीत आढळते. जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या १८९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या कथाकृतीत काठावरचे अरण्य हे गूढ भिंतीसारखे उभे असते. नौका पुढे जाते ती प्रदेशात कमी आणि निवेदकाच्या मनात अधिक. १९७५ मध्ये चिनुआ अचेबे यांनी एका व्याख्यानात या कृतीवर जो आक्षेप घेतला, तो सर्वपरिचित आहे : आफ्रिका आणि तेथील माणसे यांना एका युरोपीय मनाच्या पडझडीची केवळ पार्श्वभूमी केले गेले.

अचेबे यांचा आक्षेप वसाहतकालीन साहित्यापुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. किनाबातांगानच्या काठी राहणाऱ्या समाजाला ‘ओरांग सुंगाई’ म्हणजे ‘नदीची माणसे’ असे म्हणतात. मासेमारी, वनोपज आणि नदीवरील दळणवळण यांवर त्यांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. नौकाविहाराच्या संहितेत त्यांना बहुधा एकच भूमिका मिळते, ती नावाड्याची. प्राणी कोठे दिसेल हे त्याला विचारले जाते. हे अरण्य कोणाचे होते आणि कसे गेले, हे क्वचितच. ज्या निवेदकाजवळ सर्वाधिक माहिती आहे, त्यालाच मूक पात्र करणे हा या संहितेतील मोठा दोष होय.

५. एक आक्षेप आणि त्याची मर्यादा

यावर असा प्रतिवाद संभवतो की, नौकाविहारामुळेच हे अरण्य उरले आहे. या प्रतिवादात तथ्य आहे. पर्यटनाने उभ्या अरण्याला पैशाच्या भाषेत मोल मिळवून दिले. सुकाऊ येथे नदीवर पूल बांधण्याची योजना वन्यजीवांच्या हालचालींना बाधक ठरेल म्हणून विरोध झाला आणि २०१७ मध्ये ती रद्द झाली. हे अरण्य जगाच्या नजरेत नसते, तर हे घडणे कठीण होते. बातू पुतेह येथील गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने पाहुण्यांची सोय आणि वृक्षलागवड यांची सांगड घातली आहे. तेथे पाहुणा प्रेक्षक राहत नाही, तो रोपे लावण्याच्या कामात सामील होतो. याचा अर्थ वेगळी संहिता शक्य आहे.

तरीही एक मर्यादा उरते. पाहण्याच्या बळावर जे वाचते, ते दिसते तेवढेच वाचते. साबाच्या १९९८ च्या जलसंपत्तीविषयक कायद्यानुसार नद्यांच्या दोन्ही काठांवर वीस मीटर रुंदीचा पट्टा राखीव ठेवावयाचा असतो आणि तेवढाही पट्टा सर्वत्र पाळला गेला नाही. नौकेतील प्रेक्षकाला अरण्याचा भास होण्यास वीस मीटर झाडी पुरते. ओरांगउटानला ती पुरत नाही. त्याच्या वावराचे क्षेत्र मीटरांत नव्हे, किलोमीटरांत मोजावे लागते. संवर्धनाचा निकष प्रेक्षकाच्या समाधानावर बेतला गेला, तर नदीकाठ नाटकातील पडद्यासारखा राखला जाईल आणि पडद्यामागे काहीच उरणार नाही.

६. नौकेत बसलेला भारतीय प्रेक्षक

हा सर्व विचार दूरच्या बेटापुरता आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार देश असून हे तेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून येते. साबण, बिस्किटे, फरसाण आणि उपाहारगृहांतील तळण यांतून ते महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचते. बोर्निओला कधीही न गेलेला ग्राहकही किनाबातांगानच्या काठाशी अशा रीतीने जोडलेला आहे. तेलताड हे सर्वच तेलबियांच्या तुलनेत दर हेक्टरी अधिक उत्पन्न देणारे पीक असल्याने केवळ बहिष्काराने प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या तेलासाठी अधिक जमीन लागेल. त्यामुळे तेल कोठून आणि कोणत्या जमिनीवरून आले, हे विचारण्याची जबाबदारी मात्र टळत नाही.

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेलाही यातून एक निकष मिळतो. परदेशातील निसर्गाचे वर्णन किती रसाळ आहे, एवढे पाहून थांबणे पुरेसे नाही. जे दिसले ते का दिसले, कोणामुळे दिसले आणि पाहणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, हे लेखकाने शोधले काय, असेही विचारले पाहिजे. यामुळे वर्णनाचा आनंद उणावतो असे नाही. वॉलेसच्या भुंगेऱ्यांचे आश्चर्य त्यांचे कारण कळल्याने कमी होत नाही.

समारोप

किनाबातांगानवरील नौकाविहार ही फसवणूक नव्हे. जे दाखविले जाते ते खरेच असते. उणीव आहे ती दृश्याला कारणाची जोड नसण्यात. ही जोड देणे अवघड नाही. एखाद्या वळणावर नौका काठाला लावून प्रवाशांना झाडीच्या पट्टीतून पलीकडे तेलताडाच्या रांगांपर्यंत चालत नेले आणि तेथे नदीच्या माणसाला बोलू दिले, तर त्याच विहाराचा अर्थ बदलेल. प्रेक्षकाला दिसलेले माकड तेच राहील. ते त्या झाडावर का बसले आहे, हे त्याला कळलेले असेल. वर्षावनाचे भवितव्य ते पाहणाऱ्यांच्या संख्येपेक्षा या कळण्यावर अधिक अवलंबून आहे.