एका निकालपत्राचे वाचन

न्यायालयाचे निकालपत्र साहित्य म्हणून वाचावे काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. आमच्या मते काही निकालपत्रे तशी वाचल्यावाचून नीट कळतच नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 21 ऑगस्ट 2020 रोजी दिलेले निकालपत्र त्यांपैकी एक होय. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्यापुढे 29 परदेशी तबलिगींची आणि त्यांना मशिदीत आसरा देणाऱ्या विश्वस्तांची प्रकरणे होती. व्हिसाच्या अटी मोडून धर्मप्रसार केला व टाळेबंदीत रोग पसरवला, असे गुन्हे त्यांच्यावर नगर जिल्ह्यात नोंदले गेले होते. खंडपीठाने ते रद्द केले.

न्या. नलावडे यांचे गद्य सरळ आहे. परदेशी माणसाला प्रार्थनास्थळी जाण्यास व्हिसाचे नियम मनाई करतात काय? करीत नाहीत. अरबी किंवा फ्रेंच बोलणाऱ्यांनी नगर जिल्ह्यातील माणसांना कोणत्या भाषेत धर्म शिकवला? धर्मांतराचा आरोप गावोगाव ऐकत आलेल्या आपल्या समाजाला या साध्या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मग निकालपत्र पाहुणचाराकडे वळते, तेथून वृत्तपत्रे व वाहिन्यांनी चालवलेल्या अपप्रचाराकडे, आणि अखेरीस एका शब्दाशी येऊन थांबते: बळीचा बकरा. साथ आली की सत्ता तो शोधते, असे निदान तेथे आहे.

हा शब्द आपल्या घरचा आहे. लेवीय पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात दोन बकरे उभे केले जातात. अरण्यात कोणता जाणार, हे चिठ्ठी टाकून ठरते. मग महायाजक त्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे कबूल करतो. न्यायमूर्तींनी या विधीचा उत्तरार्ध अचूक पाहिला. पूर्वार्ध, म्हणजे निवड, मात्र त्यांच्या लिखाणात येत नाही. तो प्रश्न खंडपीठापुढे नव्हताच, हे मान्य. तरी वाचक म्हणून आम्हांला तेथेच थांबावेसे वाटते.

कारण 2020 च्या मार्चअखेरीस चिठ्ठीचे काम भ्रमणध्वनीने केले. दिल्लीतील निजामुद्दीन मरकजच्या आसपासच्या मोबाईल टॉवरशी ज्या फोनांचा संपर्क झाला होता, त्यांच्या याद्या राज्याराज्यांत गेल्या. छत्तीसगडमधील अशा एका यादीतले पुष्कळ जण मुस्लीमही नव्हते; हजरत निजामुद्दीन स्थानकावर ते गाडीत चढले, एवढाच त्यांचा संबंध. साथीत संपर्क शोधणे आवश्यक होते, यात वाद नाही. परंतु त्या दिवसांत केंद्रीय आरोग्य खात्याच्या पत्रकार परिषदांत तबलिगी रुग्णांचा आकडा वेगळा काढून सांगितला जात होता. टॉवर चिठ्ठीसारखा निःपक्षपाती दिसतो. कोणत्या टॉवरची यादी मागवायची, हे मात्र माणूस ठरवतो.

आणि मागवणे सोपे असते. बोलणे चोरून ऐकायचे तर गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. 1996 च्या फोन-टॅपिंग निकालाने तेवढा बांध घातला. टॉवरच्या यादीसाठी पोलीस अधिकाऱ्याचे पत्र पुरते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तरी ही फट बुजलेली नाही. ती किती रुंदावू शकते, हे चीनच्या शिनजियांग प्रांताने दाखवले. तेथील पोलिसांच्या फोनवरील अॅपचे विच्छेदन ह्यूमन राइट्स वॉचने मे 2019 मध्ये प्रसिद्ध केले. उईघुर मुसलमानाने फोन वापरणे सोडले तर तेही त्या यंत्रणेला संशयास्पद वाटत असे. आपल्याकडे तशी स्थिती आहे, असे आम्ही म्हणत नाही. अतिशयोक्तीने खऱ्या तक्रारीचे नुकसान होते. पण फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घुसवली गेली, हा अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगचा तपासणी अहवाल डिसेंबर 2022 मध्ये बाहेर आला. त्याआधी, 5 जुलै 2021 रोजी, ते कोठडीतच वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात वारले होते.

निकालपत्राच्या शेवटी संबंधितांनी पश्चात्ताप करावा आणि झालेले नुकसान भरून काढावे, अशी अपेक्षा व्यक्त होते. न्यायालयीन गद्यात हा शब्द क्वचितच येतो. आपण पापनिवेदनात शिकलो की पश्चात्तापामागून प्रायश्चित्त येते. त्या याद्या कोणी ठेवल्या, किती दिवस ठेवाव्यात, कोणी पुसाव्यात, याबद्दल एखादे वाक्य तेथे असते तर त्या अपेक्षेला हातपाय फुटले असते. दुसरा आक्षेप असा की नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनाशी या कारवाईचा जोडलेला संबंध पुराव्यापेक्षा तर्कावर उभा आहे. न्या. सेवलीकर निकालाशी सहमत झाले, मात्र या निरीक्षणांशी नाही. तसे त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवले. आम्हांला हा संयम आवडला, आणि नलावडे यांचे धाडसही.

धर्मग्रामांतील अभ्यासमंडळांनी एखाद्या संध्याकाळी हे निकालपत्र मोठ्याने वाचावे. इंग्रजी अवघड नाही; तरुणांपैकी कोणी मराठीत सांगत गेले तर दोन बैठकींत संपेल. सेवलीकरांचे टिपण मात्र वगळू नये.